टाळ-मृदंगांची उपासना : रेव्हरंड नारायण वामन टिळक

आपल्या ग्रंथालयाचा आणि माझा संबंध सियागंजामुळे जुळला, असे सांगितले तर वाचकांना थोडे नवल वाटेल. माझे एक मामा सियागंजात किराणा मालाच्या एका पेढीवर हिशेबनीस होते. महाविद्यालय सुटल्यावर मी तेथे जाऊन बसत असे. खाली पोती, हातगाड्या आणि हमालांच्या हाका यांचे राज्य. वर माळ्यावर हळकुंडांच्या आणि धन्यांच्या वासात मी आणि ग्रंथालयातून आणलेले पुस्तक. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी प्रथम वाचली ती त्या माळ्यावर. त्याच वर्षी नाताळच्या सुमारास एका ख्रिस्ती वर्गमित्राच्या आग्रहावरून मी त्यांच्या भजनास गेलो. इंदुरात कॅनेडियन मिशनचे काम मुख्यतः हिंदीत चाललेले. १८८७ साली त्याच मिशनने काढलेले ख्रिश्चन कॉलेज आपल्या शहरास परिचित आहेच. त्यामुळे गाणी हिंदी होती. परंतु ढोलक होता, मंजिऱ्या होत्या, टाळ्यांचा ठेका होता, आणि वयोवृद्ध माणसे डोळे मिटून डोलत होती. प्रार्थनामंदिर म्हणजे पांढऱ्या भिंती, बाके आणि दबलेला आवाज, अशी माझी समजूत होती. ती त्या सायंकाळी गेली. या आनंदाला कोणी तरी, केव्हा तरी, आत येऊ दिले असले पाहिजे, हा विचार मनात आला. आणि मराठीपुरते त्याचे उत्तर माझ्या हातातील पुस्तकातच होते. ज्या कवीच्या संसाराची ती कहाणी, तेच ते गृहस्थ होत.

नारायण वामन टिळक यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी झाला. घराणे कोकणस्थ ब्राह्मणाचे. वडील सरकारी नोकरीत, स्वभावाने तापट. आई जानकीबाई कोमल मनाची, धर्मशील आणि काव्याची आवड असलेली. आई लवकर गेली, आणि तिच्याबरोबर घरही गेले म्हणावयास हरकत नाही. अकरा-बारा वर्षांचा मुलगा घराबाहेर पडला तो नाशिकच्या वाटेला लागला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले, थोडे इंग्रजी शिकले, आणि कोणत्याही एका ठिकाणी फार दिवस न राहण्याची सवयही बहुधा तेथेच लावून घेतली. १८८० च्या सुमारास त्यांचा विवाह झाला. वधू नाशिकजवळच्या जलालपूरची, गोखल्यांची मनू. हीच पुढे मराठी गद्याला आपल्या शैलीने चकित करणारी लक्ष्मीबाई.

पुढील पंधरा वर्षांचा हिशेब मांडणे कोणत्याही चरित्रकाराला अवघडच. आज येथे शिक्षक, उद्या तेथे; मध्येच पुराण, कीर्तन, व्याख्यान; मध्येच पत्नीला न सांगता निघून जाणे. हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या हाती जाण्यास वेळ लागत नसे. ‘ऋषी’ नावाचे एक मासिकही त्यांनी काही काळ चालविले. या भ्रमंतीकडे केवळ लहरीपणा म्हणून पाहणे सोपे आहे, आणि लक्ष्मीबाईंनी जे सोसले ते ध्यानात घेता तसे पाहणे अन्याय्यही ठरणार नाही. परंतु या काळात त्यांच्या पदरी एक गोष्ट पडली, तिचा विसर पडू नये. कीर्तनकाराला श्रोता डोळ्यांसमोर लागतो. कोणत्या शब्दाला समाज मान डोलावतो, कोणत्या ठिकाणी टाळ आपोआप उचलले जातात, हे पोथीतून शिकता येत नाही. पुढे जे काम टिळकांच्या हातून झाले त्याची उमेदवारी नाशिक परिसरातील देवळांच्या सभामंडपांत झाली होती.

नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांना काही काळ स्थैर्य लाभले. तेथून १८९३ साली ते राजनांदगावकडे रेल्वेने निघाले असता डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. बोलणे संस्कृत काव्यावरून सुरू झाले आणि धर्मावर गेले. निरोप घेताना त्या गृहस्थांनी नवा करार हाती ठेवला, आणि आपण दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांनी ते हसण्यावारी नेले; पण पुस्तक मात्र सवयीप्रमाणे पेन्सिलीने खुणा करीत वाचावयास घेतले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. त्यानंतर मिशनच्या पत्रांशी गुप्तपणे पत्रव्यवहार, मनाची ओढाताण, आणि अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत बाप्तिस्मा.

त्या काळी ब्राह्मणाने धर्म बदलणे म्हणजे जिवंतपणी मरणे होते. पत्नीने प्राण द्यायचे तेवढे बाकी ठेवले. मुलगा दत्तू लहान. नातेवाईक लक्ष्मीबाईंना पंढरपूरला घेऊन गेले. या एका गोष्टीपाशी माझे मन नेहमी अडते. पती अहमदनगरला ख्रिस्ताची पदे रचीत आहे, आणि पत्नी विठ्ठलाच्या गावी, टाळ-मृदंगांच्या कल्लोळात, आपले दुःख गिळून बसली आहे. टिळकांना ख्रिस्ताकडे नेणारी वाट तुकोबांच्या अभंगांवरून गेली, असे ते स्वतः सांगत असत. म्हणजे ज्या नादापासून दूर गेल्याचा आरोप त्यांच्यावर होता तो नाद त्यांच्या कानांतून कधी गेलाच नव्हता.

परंतु त्यांनी ज्या उपासनेत पाऊल टाकले तेथे तो नाद फारसा नव्हता. अमेरिकन मिशनऱ्यांचा भाव शंकेपलीकडचा, कष्ट अपार. पण त्यांची उपासना न्यू इंग्लंडच्या थंड हवेत घडलेली. इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालींवर गायिली जात. इंग्रजी पद्याचा प्राण आघातात असतो, मराठीचा अक्षरांच्या आणि मात्रांच्या चालण्यात. आघाताच्या जागी मराठीचे एखादे निरुपद्रवी प्रत्ययाक्षर येऊन पडले की अर्थ लंगडतो आणि गाणाऱ्याचा श्वासही. शिवाय पुस्तक हाती हवे, म्हणजे वाचता यावयास हवे. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज बहुतांशी महार आणि मांग समाजांतून आलेला. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर तो संख्येने वाढलेला. यांच्यापैकी कित्येकांच्या घरी एकतारी होती, चोखोबांचे अभंग मुखोद्गत होते. मांगवाड्यात तर हलगी आणि सनई हा पिढीजात व्यवसाय. ज्यांच्या वाद्यावाचून गावचे लग्न लागत नव्हते, त्यांनी देवाच्या घरी हात बांधून उभे राहावे, असा हा विलक्षण योग होता.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. टिळक हे या वाटेचे पहिले प्रवासी नव्हत. गोमंतकात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध होते आणि ते लोकांत गायिले-वाचले जात असे. नगरलाच कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६० नंतरच्या दशकात ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला आणि देशी चालींवर पदे रचली. सांगळ्यांचे ऋण मोठे आहे, आणि टिळकांच्या कीर्तीखाली ते झाकले गेले याचे मला वाईट वाटते. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतासारखी कथा उत्तररंगाला किती अनुकूल आहे, हे कोणाही कीर्तनप्रेमी माणसाला सहज कळेल. तेव्हा दार किलकिले झालेले होते. टिळकांनी ते सताड उघडले, आणि उघडताना आपल्याबरोबर प्रथम प्रतीचे कवित्व आत नेले.

नगरच्या धर्मशिक्षणशाळेत त्यांना अध्यापनाचे काम मिळाले, डॉ. ह्यूम यांच्यासारखा समंजस मिशनरी पाठीशी होता. (ते अहमदनगर आता अहिल्यानगर झाले आहे, त्या जिल्ह्यातील चौंडीची कन्या ती आपली अहिल्यामाता, म्हणून इंदूरकरांना हा बदल परका वाटू नये.) लक्ष्मीबाई चार-पाच वर्षांनी परतल्या. आधी नगरात, मग राहुरीस, प्रथम वेगळी चूल, वेगळे पाणी. हळूहळू सोवळे गळून पडले आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९०४ साली टिळकांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. हे सर्व ‘स्मृतिचित्रां’त इतके रसाळ आले आहे की येथे पुन्हा सांगण्याचे धाडस मी करणार नाही.

मला सांगावयाचे आहे ते त्या काळात त्यांच्या लेखणीतून उतरलेल्या पदांविषयी आणि अभंगांविषयी. त्यांची संख्या शेकड्यांत मोजावी लागते. ‘उपासनासंगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहाचा मोठा भाग त्यांचा आहे, आणि त्यांच्या मागे ‘अभंगांजली’ प्रसिद्ध झाली. अभंगाचे रूप ते का निवडतात, याचा विचार छंदशास्त्राच्या अंगाने केला तर बरेच उलगडते. मोठ्या अभंगाचे चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. आणि चौथा चरण आखूड. त्या आखूड चरणानंतर जी जागा मोकळी राहते ती टाळकऱ्यांची. तेथे समाज ध्रुपद उचलतो. पुढे उभा असलेला एकजण म्हणतो, मागचे सर्व झेलतात, पुन्हा म्हणतात, लय चढते, आणि चार-पाच आवर्तनांनंतर कोण गातो आणि कोण ऐकतो हा भेद उरत नाही. पुस्तक लागत नाही. अक्षरओळख लागत नाही. पाय आपोआप हलतात. वारकरी संतांनी हे यंत्र शतकानुशतके घासूनपुसून सिद्ध केलेले. टिळकांनी ते नव्या दैवतासाठी लावले. त्यांच्या रचनांत ख्रिस्त हा सिंहासनावरील न्यायाधीश क्वचितच दिसतो. तो गुरू आहे, सखा आहे, आणि विठाबाईसारखी माउली आहे. आईला दुरावलेल्या त्या अकरा वर्षांच्या मुलाने तिला अशा रीतीने पुन्हा शोधले असावे, असे म्हणण्याचा मोह होतो.

आक्षेप दोन्हीकडून आले, आणि त्यांची चेष्टा करण्याचे कारण नाही. उपासनेचे गांभीर्य सुटेल, गाण्याच्या भरात अर्थ हरवेल, ही भीती मिशनच्या बाजूस होती. परंतु मला अधिक विचार करावासा वाटतो तो नवख्रिस्ती माणसांच्या संकोचाचा. ज्या देवळाच्या पायरीवर त्यांना उभे राहू दिले नाही, त्या देवळातला मृदंग पुन्हा ऐकताना त्यांना आनंदच व्हावा असे कसे म्हणावे? बाके आणि पियानो यांनी त्यांना एक प्रतिष्ठा दिली होती. एक ब्राह्मण कवी येऊन त्यांना सांगतो की तुमचे टाळ परत घ्या, यात त्यांना दुसरेच काही ऐकू आले असेल तर दोष कोणास द्यावा? टिळकांनी या संकोचाला वाद घालून उत्तर दिले नाही. ते त्यांच्यात जाऊन राहिले, त्यांच्या घरी जेवले, त्यांची मुले आपल्या घरी वाढविली, आणि त्यांच्याबरोबर गायिले. संकोच किती गेला हे मोजता येत नाही. पण खेड्याखेड्यांतून ख्रिस्ती भजनी मंडळ्या उभ्या राहिल्या, ही गोष्ट खरी आहे.

शास्त्राधाराचीही त्यांना वाण नव्हती. बायबलातील स्तोत्रसंहितेचा शेवटच झांजा, डफ आणि नृत्य यांच्या आवाहनाने होतो. दावीद राजा कराराच्या कोशापुढे देहभान विसरून नाचला, आणि राणी मीखल हिने खिडकीतून पाहून त्याचा मनोमन तिरस्कार केला, ही कथा तर कोणत्याही वारकऱ्याला आपली वाटावी. आनंदाला घाबरणारी मीखल प्रत्येक धर्माच्या खिडकीत उभी असते. अठराव्या शतकात वेस्ली बंधूंनी इंग्लंडात लोकांना मोकळ्या माळावर गायला लावले तेव्हा तेथील प्रतिष्ठितांनीही नाके मुरडली होतीच. गंमत अशी की आज ज्या बाजाच्या पेटीवाचून आपले भजन उभे राहत नाही, तिचे मूळ रूप फ्रान्सचे. तेथे दबेन नावाच्या कारागिराने १८४२ साली तिचा हक्क नोंदविला. त्याच साली नगरच्या मिशनचे ‘ज्ञानोदय’ पत्र सुरू झाले. वाद्याला धर्म नसतो, देशही फार काळ राहत नाही.

याच सुमारास महाराष्ट्रात दुसऱ्या एका ठिकाणी ख्रिस्ती आनंद निराळ्या रीतीने उफाळून आला होता. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात जून १९०५ पासून मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या; रडणे, पश्चात्ताप आणि मग हर्षाचा कल्लोळ, असे काही महिने चालले. त्या लाटेची वार्ता दक्षिण अमेरिकेतील चिलीपर्यंत गेली आणि तेथील मंडळीही हलल्या. रमाबाईंसारख्या शास्त्रपारंगत विदुषीने तो कल्लोळ थांबविला नाही, ही मोठी गोष्ट. परंतु केडगावचा आनंद पुरासारखा होता. तो आला तसा ओसरला. टिळकांनी आनंदाला ताल दिला. पुराला काठ बांधले की त्याचे पाणी पुढच्या पिढ्यांनाही पुरते. मुक्तिसदनाविषयी पूर्ण आदर बाळगूनही माझे मत टिळकांच्या बाजूने पडते, ते मी कवितेचा शिक्षक असल्यामुळे असेल.

त्यांच्या इतर काव्याविषयी थोडक्यात. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’ आणि असंख्य स्फुट कविता यांनी ते फुलांमुलांचे कवी म्हणून महाराष्ट्रभर मान्य झाले. धर्मांतराने तुटलेला समाज कवितेने पुन्हा जवळ आला. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात ज्या ठोंबरे नावाच्या कोवळ्या मुलाला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, तो पुढे टिळकांच्या नगरच्या घरी घरच्या मुलासारखा राहिला. १९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादक होते. निसर्गकवितेतला हर्ष आणि भजनातला हर्ष त्यांच्या ठिकाणी दोन नव्हते. फुलाकडे पाहून जो हसू शकतो तोच देवापुढे नाचू शकतो, असा काहीसा त्यांचा पिंड होता. ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्ताचे ओवीबद्ध चरित्र त्यांनी हाती घेतले. त्याचे दहा-अकरा अध्यायच त्यांच्या हातून होऊ शकले.

आणि मग १९१७. या साली आपल्या इंदुरात गणेश जनार्दन आगाशे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले, म्हणून हे वर्ष आपल्या वाचकांच्या स्मरणात आहे. टिळकांनी त्या वर्षी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यास घेतला. साताऱ्यास जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ या नावाने एक बंधुसमाज आरंभिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती तशी न घेतलेल्यांनाही. ख्रिस्तावर प्रेम आहे एवढे पुरे. भजन हे या दरबाराचे मुख्य अंग. परक्या देशाच्या पैशावर आणि परक्या रीतीवर येथील भक्तीचे झाड वाढणार नाही, ही त्यांची जुनी खात्री येथे आचरणात आली. पन्नाशी उलटून गेलेला, प्रकृती ढासळलेला, पदरी संसार असलेला माणूस असे करतो तेव्हा त्याची किंमत घरातल्यांनाही द्यावी लागते, आणि लक्ष्मीबाईंनी ती याही वेळी दिली. दरबाराला मात्र आयुष्य थोडे लाभले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले, आणि त्यांच्यावाचून तो टिकू शकला नाही.

चार वर्षांनी, १९२३ साली, नगरला राहिलेल्या विन्स्लो या इंग्रज पाळकाने त्यांचे चरित्र इंग्रजीत लिहिले. आपल्या आश्रमाच्या उपासनेतही त्याने देशी रीत स्वीकारली. मुंबईत टिळकांना ज्यांचा आधार मिळाला होता, त्या अ‍ॅबट या अमेरिकन मिशनऱ्याने उतारवयात महीपतीच्या संतकथा आणि तुकोबा इंग्रजीत नेण्याचे व्रत घेतले. शिकवावयास आलेले लोक असे शिकून गेले.

लक्ष्मीबाईंनी ‘ख्रिस्तायना’ची पोथी बंद करून ठेवली नाही. शाळेत कधी न गेलेल्या, पतीच्या नादाने अक्षरे गिरवावयास शिकलेल्या या बाईने पुढील चौसष्ट अध्याय रचले, स्वतः कीर्तनेही केली. पंढरपुरात ज्या टाळांच्या आवाजात तिने एकेकाळी पतीच्या नावाने अश्रू ढाळले, ते टाळ आता तिच्या मागे वाजत होते. १९३६ साली त्या गेल्या. ‘ख्रिस्तायन’ त्यानंतर दोन वर्षांनी पुस्तकरूपाने बाहेर आले. ‘उपासनासंगीता’तील टिळकांची पदे मराठी मंडळींतून आजही रविवारी म्हटली जातात, कोठे पेटीवर, कोठे तबल्यावर, आणि खेड्यांत अजून टाळांवर. सियागंजातल्या माळ्यावर वाचलेली ती ‘स्मृतिचित्रां’ची प्रत मी मुदत उलटल्यावर बऱ्याच दिवसांनी परत केली होती. तत्कालीन ग्रंथपालांनी दंडाची पावती फाडली, आणि ती देताना पुढचा भाग हवा का, एवढेच विचारले.